हातांवरचा उजेड

हुबळी, ता. १२ नोव्हेंबर २००६

चि. सुलभा हिस आशीर्वाद.

आधी हे सांगतो की सायलीला शॉक लागलेला नाही. कृष्णाक्कानं तुला फोनवर काय सांगितलं मला माहीत नाही. ती माझी थोरली बहीण असली तरी तिच्या सांगण्यात अर्धं तिच्या मनाचं असतं. झालं एवढंच, की पोरगी शाळेच्या यंत्राची वायर हातात धरून उभी होती, वायरचं टोक उघडं होतं, आणि मी ओरडलो. सायलीला माझं ओरडणं कुठून ऐकू येणार. अक्कानं ऐकलं आणि तुला फोन लावला.

यंत्र बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. त्यानं माणूस मरत नाही असं प्रभंजन सर म्हणतात. हे तिचे विज्ञानाचे सर, धारवाडचे आहेत, वयानं लहान आहेत. मी त्यांना दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी त्यांनी वायरची दोन्ही टोकं चिमटीत धरून दाखवली आणि हसले. तरी मी रबरी चपला घातल्याशिवाय तिला यंत्राजवळ जाऊ देत नाही.

रोबोट म्हणतात त्याला. मला वाटलं होतं डोकं असेल, हातपाय असतील. तसं काही नाही. पाटाएवढी फळी, तिला चार चाकं, वर एक लोखंडी हात, आणि मागून शेपटीसारखी लांब वायर. वायरच्या टोकाला बटणांचा डबा. बटण दाबलं की ते पुढं जातं, मागं येतं, हातानं लाकडी ठोकळा उचलून दुसरीकडं ठेवतं. फेब्रुवारीत इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात सगळ्या शाळांची स्पर्धा आहे. पहिले येतील ते बेंगळूरला जाणार.

टीममध्ये तिघं आहेत. योगिता म्हणून देशपांडे नगरातल्या डॉक्टरांची मुलगी आहे, तिला ऐकू येतं. दुसरा महेश, हा सायलीसारखाच. अळणावरजवळच्या खेड्यातला आहे, बाप लाकडाच्या गिरणीत कामाला. एका ट्रस्टनं त्याची फी भरून त्याला इथं वसतिगृहात ठेवलंय. नवनगरच्या त्यांच्या सगळ्या शाळेत न ऐकणारी पोरं ही दोनच.

तुझं पत्र अक्काला वाचून दाखवलं नाही. ‘मे महिन्यात मी तिला कोल्हापूरला घेऊन येणार’ हे वाक्य मी परत परत वाचलं आणि पत्र पंचांगात ठेवून दिलं. तू तिची आई आहेस. मी नाही म्हणणारा कोण. तिथली मूकबधिरांची शाळा चांगलीही असेल. पण सुलभा, पोरगी आत्ता कुठं चार मुलांत बसायला लागली आहे. शिवाय तुमच्याकडच्या माणसांची तिला सवय नाही, आणि त्यांना तिची नाही. माझा वेंकटेश देवाघरी गेल्यावर या घरात जो आवाज उरला आहे तो तिच्या भांडी आपटण्याचाच आहे. तिला कळत नाही किती मोठा आवाज होतो ते. मी तिला कधी सांगत नाही.

स्पर्धा तरी होऊ दे. मग ठरव.

तुझे मामंजी,
पांडुरंग


हुबळी, ता. ३ डिसेंबर २००६

चि. सुलभा हिस आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. तू लिहितेस, ती पोरं सायलीला खरोखर आपल्यातली मानत असतील आणि तिला घेऊन बेंगळूरला जाणार असतील, तर दहावीपर्यंत तिला इथंच ठेवीन, नाहीतर मे महिन्यात नेणार. ठीक आहे. मी हे शब्द देवासमोर ठेवले आहेत. तू बदलू नकोस म्हणजे झालं.

आता पोरं रोज संध्याकाळी आपल्याकडंच येतात. शाळा पाचला कुलूप लावते. वेंकटेश स्कूटर लावायचा त्या पडवीत खडूनं आखून त्यांनी स्पर्धेचं मैदान केलंय. मैदानाच्या मधोमध छातीएवढी उंच फळी उभी असते. डबा हातात घेतलेला मुलगा अलीकडं, आणि ठोकळे फळीच्या पलीकडं. म्हणजे त्याला आपलं यंत्र दिसतच नाही. पलीकडं उभं राहून एकानं सांगायचं, पुढं घे, डावीकडं घे, थांब. शेवटी एक लाकडी उतरण आहे, तिच्या माथ्यावर शेवटचा ठोकळा ठेवायचा. चाक काठाच्या बाहेर गेलं की खेळ संपला.

बाकीच्या शाळांची पोरं ओरडून सांगतात. आपली हातांनी सांगतात. डबा महेशकडं, आणि पलीकडून सांगणारी आपली सायली. योगिता वायर उचलत मागं मागं फिरते, म्हणजे ती चाकात अडकत नाही. योगितासुद्धा आता हातांनीच बोलते. अक्का परवा म्हणाली, “पांडू, घरात तीन पोरं आणि आवाज तुझ्या एकट्याचाच. तूच गप्प बसलास तर आमचं घर देवळासारखं होईल.”

एक गोष्ट मला माहीत नव्हती. इतकी वर्षं ती माझ्याजवळ आहे, तरी लक्षात आलं नव्हतं. संध्याकाळी करंट जातो तेव्हा आपण बोलायचं थांबत नाही. उलट जास्त बोलतो, मेणबत्ती कुठं, काडेपेटी कुठं. पण ही दोघं अर्ध्या वाक्यात बंद पडतात. परवा महेश काहीतरी गमतीचं सांगत होता, सायली हसत होती, आणि करंट गेला. मी टॉर्च घेऊन आलो तेव्हा दोघं जिथल्या तिथं बसून होती, हात मांडीवर, कुणीतरी गप्प राहा म्हणून दटावल्यासारखी.

मी टॉर्च त्यांच्या तोंडावर मारला. महेशनं डोळे मिटले. मग उठून माझं मनगट धरलं आणि टॉर्च खाली वळवला, सायलीच्या हातांवर. ती लगेच बोलायला लागली.

तेव्हापासून हे काम माझं. करंट गेला की मी बाजूला उभा राहून उजेड हातांवर धरतो. सायली बोलत असली की तिच्या, महेश बोलत असला की त्याच्या. वेंकटेशनं आणलेला तो चार सेलचा स्टीलचा टॉर्च आहे ना, तोच. हात भरून येतो, पण सोडत नाही.

ही पोरं प्रत्येकाला हातानं एक नाव देतात. माझं नाव छातीवर तळवा चोळायचा, म्हणजे काळजी करणारा. योगितानं मला सांगितलं, “अज्जा, राग मानू नका, पण तुम्ही दिवसातून शंभर वेळा तसं करता.” आता महेशनं नाव बदललं आहे. मूठ उघडून बोटं पसरायची. म्हणजे उजेड.

सेल महाग झाले आहेत. असू देत.

पांडुरंग


हुबळी, ता. १५ जानेवारी २००७

चि. सुलभा हिस आशीर्वाद.

तिळगूळ वेगळ्या डब्यात पाठवला आहे. अक्कानं केला आहे, म्हणजे गूळ करपला असणार. गोड मानून घे.

तू विचारलंस, मायन्यात मी तुला सौ. का लिहीत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. हात जसा वळतो तसं लिहितो. त्यात दुसरं काही नाही.

प्रभंजन सरांनी शनिवारी पोरांची परीक्षा घेतली. धारवाडची एक शाळा बोलावली होती. त्यांचं यंत्र बघायला देखणं, वर रंगीत पत्रा मारलेला. पण त्यांचा सांगणारा मुलगा ओरडत होता, त्याचे मित्र ओरडत होते, त्यांचे सरही ओरडत होते, आणि डबा धरलेल्या मुलाला त्यातलं काही कळेना. तो वैतागून म्हणाला, “एकानं कुणीतरी सांगा की रे.” आपल्या बाजूला काही आवाज नाही. सायलीचे हात फळीच्या वर दिसत होते, महेशची नजर त्यांच्यावर, आणि यंत्र नव्या सुनेसारखं जपून जपून चाललं होतं. सगळे ठोकळे लागले.

त्यांचे सर प्रभंजन सरांना कानडीत म्हणाले, “तुमच्या पोरांना गोंगाटाचा त्रासच नाही. हा अन्याय आहे.” दोघं हसले. मला ते आवडलं नाही, पण मीही हसलो.

सरांना मी करंटचं विचारलं. स्पर्धा दुपारी सुरू होणार आणि संध्याकाळपर्यंत चालणार. त्या वेळी रोज करंट जातो. सर म्हणाले, “अज्जा, कॉलेजात जनरेटर आहे.” मी म्हणालो, जनरेटर चालू व्हायला वेळ लागतो, कधी कधी होतही नाही. ते म्हणाले, “तुम्हीच या मग टॉर्च घेऊन. मी आयोजकांना सांगतो. तुम्ही आमच्या टीमचे लाइटमन.”

अक्का ऐकून म्हणाली, “या वयात नोकरी लागली तुला.” सायलीला मी नीट कपडे कोणते घालू विचारलं, तर तिनं तुझ्या लग्नातला माझा कोट काढून आणला. वेंकटेशच्या लग्नातला म्हणायचं होतं मला.

मला दोन्हीची भीती वाटते. हरले तर तू तिला नेणार. जिंकले तर बेंगळूरची रेल्वे, रात्रभराचा प्रवास, तिथली गर्दी, स्टेशनवर मागून कुणी हाक मारली तरी तिला कळायचं नाही. पण जिंकू देत. मी रोज तेच मागतो. ही गेली तर मी आणि अक्का एकमेकांची तोंडं बघत बसणार, आणि आमची तोंडं बघण्यासारखी राहिलेली नाहीत.

तीन फेब्रुवारीला शनिवार आहे. जमलं तर ये. तू ये, एवढंच म्हणतो. दोघं आलात तर बाहेर कुठं उतरावं लागेल, आपल्याकडं जागा कमी आहे.

पांडुरंग


हुबळी, ता. ५ फेब्रुवारी २००७

चि. सुलभा हिस आशीर्वाद.

तू आली नाहीस ते एका अर्थी बरंच झालं.

जिंकली नाहीत पोरं. शेवटच्या फेरीत होती, ते तुला सांगायला पाहिजे. शेवटच्या फेरीत दोनच शाळा उरल्या होत्या आणि त्यात आपली होती. खेळ चालू असताना करंट गेला. यंत्र उतरणीवरून पडलं आणि त्याचा हात मोडला. अशा वेळी कुणाची चूक म्हणायची. करंटला कोण काय करणार. जनरेटर सुरू झाला तेव्हा सगळं संपलं होतं.

महेशनं ऐन वेळी सायलीकडं बघितलं नाही असं लोक म्हणतात. असेलही. पोरवय आहे.

मला तुला एवढंच सांगायचं आहे की ही हार हार धरू नकोस. तुझी अट होती की पोरांनी तिला आपल्यातली मानावं, ते तर त्यांनी मानलंच आहे. बेंगळूरला जाणं हे तर निमित्त. तुझ्या पत्रात काय शब्द आहेत ते मी पुन्हा काढून बघितले. त्यातून दोन्ही अर्थ निघू शकतात.

सायली ठीक आहे. जरा कमी जेवते. मला पित्त झालं आहे.

पांडुरंग


हुबळी, ता. २५ फेब्रुवारी २००७

चि. सुलभा हिस आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. निकाल तो निकाल असं तू लिहितेस. बरं.

पोरं आता इकडं येत नाहीत. पडवीतला खडू अक्कानं पुसून काढला. महेश शाळेतच येत नाही म्हणे. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की पुढच्या वर्षी डबा ऐकणाऱ्या मुलाकडं द्यायचा. त्यावरून वर्गातली पोरं त्याला डोळे झाकून दाखवायची, म्हणजे तू आंधळासुद्धा. आठवडाभर त्यानं सोसलं. मग गावाकडं गेला तो आला नाही.

सायली माझ्याशी बोलत नाही. रुसलेली नाही. जेवायला बसते, औषध आठवणीनं पुढं ठेवते. पण हात हलवत नाही. परवा करंट गेला. मी टॉर्च लावून तिच्याजवळ उभा राहिलो. तिनं दोन्ही हात पदराखाली घ्यावेत तसे ओढणीखाली घेतले आणि करंट येईपर्यंत तशीच बसली.

थंडी गेली म्हणता म्हणता परत आली आहे इकडं.

पांडुरंग


हुबळी, ता. १८ मार्च २००७

चि. सुलभा हिस आशीर्वाद.

मागच्या पत्रांत मी तुला सगळं लिहिलं नाही. आता लिहितो. अक्काला हे माहीत आहे, सरांना माहीत आहे, तेव्हा तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.

योगिता आली होती. बसली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, “अज्जा, सायली म्हणते लाइट हलला.”

मी म्हणालो, “कुठला लाइट?”

ती म्हणाली, “तुमचा.”

ती म्हणाली, “मी वायरकडं बघत होते, मला दिसलं नाही. पण तिनं बघितलं. महेशनं पण बघितलं.” मग जाताना म्हणाली, “त्या दिवशी त्या दोघांना कुणी विचारलंच नाही, अज्जा. तुम्हालाच विचारलं.”

झालं ते असं. करंट गेला तेव्हा हॉलमध्ये गुडूप अंधार झाला. परीक्षकांनी विचारलं, थांबवायचं का. योगिता म्हणाली, “ब्याडा सर.” नको म्हणाली. तिचा आमच्यावर विश्वास होता. अंधारात खेळायची सवय आमच्याइतकी कुणाला असणार. मी टॉर्च लावला, सायलीच्या हातांवर धरला, आणि पोरं चालू झाली. महेशला फक्त ते दोन हात दिसत होते, आणि त्याच उजेडाच्या कडेनं सायलीला यंत्राचा आकार तेवढा दिसत होता. सगळा हॉल गप्प झाला. सुलभा, खरं सांगतो, असा अभिमान मला वेंकटेशच्या नोकरीचाही वाटला नव्हता.

यंत्र उतरणीच्या माथ्याला पोचलं. कुणीतरी मोबाइल पुढं धरला असेल, त्याच्या अंधुक उजेडात लोकांना चाक काठावर गेलेलं दिसलं, आणि मागून ओरडले, “बित्तु, बित्तु.” पडलं, पडलं. ते मी ऐकलं. मला ऐकू येतं ना. ऐकलं आणि टॉर्च यंत्राकडं वळवला. काय पडतंय ते बघायला.

पडत नव्हतं. नुसतं थोडं कललं होतं. सायली ‘थांब’ म्हणत होती. तिचे हात अंधारात ‘थांब’ म्हणत होते. महेशला शेवटचं दिसलेलं ‘पुढं’ होतं, म्हणून त्याचं बोट पुढच्या बटणावरच राहिलं. माझ्या टॉर्चच्या उजेडात यंत्र सावकाश पुढं गेलं आणि पडलं. सगळ्यांनी नीट बघितलं. मीही नीट बघितलं.

जनरेटर लागल्यावर सर धावत आले. महेशच्या हातातला डबा घेतला आणि मला विचारलं, “अज्जा, तुम्ही समोरच होता. काय झालं?” मी म्हणालो, “पोरगा तिच्याकडं बघत नव्हता.”

ठरवून नाही म्हणालो. तोंडातून आलं. मनात एवढंच होतं की आता ही मे महिन्यात जाणार. मग ते वाक्य मुख्याध्यापकांपर्यंत गेलं, मग वर्गात गेलं. महेश तिथंच उभा होता. मी काय सांगतो आहे ते तो माझ्या ओठांकडं बघून समजून घेत होता.

योगिता गेल्यावर मी अक्काला सांगितलं. ती वाती वळत होती. हातातली वात पुरी केली. मग म्हणाली, “पोरगी गप्प आहे ते तुला वाचवायला. तुला वाचवून घ्यायचं असेल तर बस.” आणि वाती वळायला लागली.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. सरांना सांगितलं, मुख्याध्यापकांना सांगितलं. सर खिडकीबाहेर बघत राहिले. मुख्याध्यापक म्हणाले, “ठीक आहे, वय झालं की होतं असं. पण मुलगा वर्षाच्या शेवटी गैरहजर राहिला, ट्रस्टनं पुढच्या वर्षाची जागा दुसऱ्याला दिली.” मी म्हणालो, परत द्या. ते म्हणाले, “माझ्या हातात नाही, आजोबा.” माझ्यासाठी पाणी मागवलं.

म्हणून अळणावरला गेलो. एकटाच गेलो, बसनं. महेशचा बाप रामू, तो लाकूड कापायच्या गिरणीत आहे. महेशही तिथंच लागला आहे. फळ्या ओढून बाजूला रचतो. करवतीचा आवाज असा की माझं डोकं गरगरलं. रामूनं मला बाहेर ओंडक्यावर बसवलं, चहा मागवला.

मी सांगितलं सगळं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “अण्णा, इथं करवत चालू झाली की सगळेच बहिरे. माझ्या पोराला इथं काय कमी आहे? मालक तर खूश आहे. म्हणतो, याचे कान जातील ही भीतीच नाही.” असं म्हणून तो हसला. त्याच्या डोळ्यांत लाकडाचा भुसा गेला होता, तो चोळत बसला.

मी म्हणालो, “शाळेत परत पाठव. फीचं मी बघतो.”

“नाही जायचा तो. मी विचारलं की. तिथं परत जाऊन बसायचं कुणाबरोबर?” मग म्हणाला, “तुम्ही आलात हे बरं केलंत. पण हे मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांगा.”

पण त्याला सांगायचं कसं? इतके महिने मी त्या हातांवर उजेड धरला, पण हातांनी बोलायला शिकलो नाही. मला वाटलं उजेड धरला म्हणजे झालं.

महेशला बाहेर बोलावलं. केसांत भुसा, अंगात बापाचा सदरा. मी पिशवीतून टॉर्च काढला, आणला होता बरोबर. लख्ख दुपार होती. टॉर्च लावला. आधी त्याच्या हातांवर धरला, मग वळवून गिरणीच्या यंत्राकडं धरला. मग माझ्या छातीवर तळवा ठेवला. माझं पहिलं नाव. मी, असं म्हणायचं होतं. मी केलं.

उन्हात त्या टॉर्चचा उजेड दिसतही नव्हता. तरी त्याला कळलं. मला वाटलं आता काहीतरी म्हणेल, रागावेल तरी. त्यानं माझ्या हातातून टॉर्च घेतला, बंद केला, सेल उगाच जळतात म्हणून, आणि माझ्या पिशवीत ठेवला. मग आत गेला. करवत परत सुरू झाली.

मी तुझी अट मोडणार नाही. मे महिन्यात ये.

पांडुरंग


हुबळी, ता. ९ मे २००७

चि. सौ. सुलभा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू उद्या येशील तेव्हा माझ्याकडून फार बोलणं होणार नाही. गाडी चुकेल, पाणी घेतलं का, खिडकीतून हात बाहेर काढू देऊ नकोस, एवढंच मी बोलेन, मला माहीत आहे. म्हणून हे लिहून सायलीच्या पिशवीत टॉर्चला गुंडाळून ठेवतो. घरी गेल्यावर वाच.

तिचे कपडे अक्कानं पिशवीत भरले आहेत. कानातलं मशीन छोट्या डब्यात आहे. ते ती लावत नाही, आग्रह करू नकोस. यंत्राचं एक चाक तिनं घेतलं आहे, ते फेकू नका. सर तिला निरोप द्यायला आले होते. पुढच्या वर्षी टीम आहे, पण त्यात सगळे ऐकणारे आहेत. योगितानं नाव काढून घेतलं.

मी महेशकडं गेलो होतो हे सायलीला सांगितलं होतं, योगिताकडून. तुझ्याबरोबर यायचं का विचारलं तर लगेच मान हलवली. हो म्हणाली. इतक्या लगेच म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. तिथं हातांनी बोलणारी पुष्कळ मुलं असतील असं योगितानं तिला सांगितलंय. इथं तिला तसं आता कोण आहे?

आज संध्याकाळी करंट गेला. मी टॉर्च घेऊन उठलो नाही. ती ओढणीखाली हात घेईल, ते मला बघवत नाही. अंधारात बसून राहिलो. थोड्या वेळानं कुणीतरी टॉर्च माझ्या हातात आणून दिला. तीच होती. समोर पाटावर बसली आणि वाट बघत राहिली.

मी लावला. तिनं हात वर केले आणि बोलायला लागली. खूप बोलली, सुलभा. मला त्यातलं थोडंच कळलं. महेशचं नाव कळलं, दोनदा आलं. आई कळलं. एकदा मूठ उघडून बोटं पसरली तेही कळलं, पण ते मला म्हणाली की टॉर्चला, ते कळलं नाही. मधेच तिनं स्वयंपाकघराकडं बोट केलं. तिकडं काहीतरी पडल्याचा आवाज झाला, मांजर असेल, अक्का ओरडली. मी बघितलं नाही. उजेड तिथंच ठेवला. करंट आला तेव्हा ती थांबली, टॉर्च बंद करून माझ्या मांडीवर ठेवला आणि झोपायला गेली.

तुझ्या यजमानांना, विठ्ठलरावांना, माझा नमस्कार सांग. हे त्यांनाही वाचून दाखव. महाराष्ट्रातही आता करंट जातो असं पेपरात वाचतो. टॉर्चमध्ये सेल नवे घातले आहेत. तुमच्याकडं अंधार झाला की आधी तिच्याजवळ जा आणि उजेड हातांवर धर. ती कशाकडं दाखवते ते बघायला वळू नका. घरात काही पडलं, फुटलं, उतू गेलं, कुणी कितीही ओरडलं, तरी तिचं बोलणं होईपर्यंत उजेड तिथून हलवू नका.

पांडुरंग